जॉनची आई कोण, युधिष्ठिराचे वडील कोण?

घरातल्या पंचवीस-तीस वर्षांच्या मुलामुलींना 'जॉन स्नोची आई कोण?' असे एकदा विचारून पाहावे. मोबाइलमध्ये खुपसलेली मान लगेच वर येते. मग अर्धा तास एका राजघराण्याची वंशावळ, एका मनोऱ्यापाशी झालेली लढाई, निळ्या गुलाबांचा मुकुट आणि मरणाऱ्या बहिणीला दिलेले वचन असे सगळे ऐकायला मिळते. ज्येष्ठांना वाटते, परदेशी मालिकेतल्या कल्पित राजांचा एवढा अभ्यास कशाला? या लेखात त्या अभ्यासाचाच थोडा इतिहास सांगायचा आहे. ही मुले जे करतात ते आपल्याकडे फार जुने आहे. ते चांगले कसे होते आणि बिघडते कुठे, हेही त्या इतिहासातून कळते.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाचे 'अ गेम ऑफ थ्रोन्स' हे पुस्तक १९९६ मध्ये आले. वेस्टरॉस नावाचे काल्पनिक खंड, तिथली सात राज्ये, एक सिंहासन आणि त्यासाठी झगडणारी घराणी, असा त्याचा पसारा आहे. १९९८, २००० आणि २००५ मध्ये पुढचे भाग आले, पाचवा भाग २०११ मध्ये आला. त्याच वर्षी १७ एप्रिलला एचबीओ वाहिनीवर 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका सुरू झाली. आठ पर्वे आणि ७३ भाग झाल्यावर १९ मे २०१९ रोजी ती संपली. शेवटच्या पर्वाचे भाग आपल्याकडे सोमवारी भल्या सकाळी दिसत. ते पाहून मगच कामावर जाणारी मुले आपल्या बडोद्यातही पुष्कळ होती.

नेड स्टार्कचे मौन

जॉन स्नो हा उत्तरेचा सरदार नेड स्टार्क याचा अनौरस मुलगा म्हणून वाढतो. नेड अत्यंत सरळ, सत्यवचनी माणूस आहे. अशा माणसाने लग्न झाल्यावर दुसऱ्या बाईपासून झालेले मूल घरी आणावे आणि तिचे नावही कधी काढू नये, हेच वाचकांना खटकले. पहिल्याच पुस्तकात नेडचा शिरच्छेद होतो आणि उत्तर त्याच्याबरोबर जाते.

मार्टिन यांची पद्धत अशी, की प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या नजरेतून लिहिलेले असते. नेडला जे आठवायचे नसते ते तो अर्ध्यावर सोडतो, पण तापाच्या ग्लानीत त्याच्या मनात तुकडे येतात. धाकटी बहीण लियाना रक्ताने भरलेल्या अंथरुणावर आहे. ती त्याच्याकडून कसले तरी वचन घेते आहे. बाहेर राजाच्या अंगरक्षकांपैकी तीन नामांकित योद्धे पहारा देत आहेत. राजा आणि राजपुत्र दोघेही मारले गेले असताना हे तिघे ओसाड जागेतल्या मनोऱ्यावर कशासाठी उभे होते? त्यांचे व्रत राजवंशाचे रक्षण करण्याचे होते. म्हणजे त्या मनोऱ्यात राजवंशाचे कोणी तरी असले पाहिजे. राजपुत्र रेगारने एका स्पर्धेत स्वतःची पत्नी समोर असताना निळ्या गुलाबांचा मुकुट लियानाला दिला होता, हे दुसऱ्याच ठिकाणी कळते. हे सारे जुळवून वाचकांनी निष्कर्ष काढला, की जॉन हा नेडचा मुलगा नाही. तो रेगार आणि लियाना यांचा मुलगा आहे. नव्या राजाने त्याला मारू नये म्हणून मामाने स्वतःच्या नावाला बट्टा लावून घेतला.

हा तर्क १९९७ च्या सुमारास, म्हणजे पहिले पुस्तक येऊन वर्ष होते न होते तोच मांडला गेला. तिघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'आर अधिक एल बरोबर जे' असे नाव पडले. पुढे २००६ मध्ये डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस हे दोघे मालिकेसाठी परवानगी मागायला मार्टिन यांच्याकडे गेले. जेवता जेवता मार्टिन यांनी त्यांची परीक्षा घेतली. प्रश्न एकच होता: जॉनची आई कोण? त्यांनी बरोबर उत्तर दिले आणि मालिका त्यांना मिळाली, ही हकिकत त्या दोघांनी अनेकदा सांगितली आहे. पडद्यावर उत्तर आले ते २६ जून २०१६ रोजी, सहाव्या पर्वाच्या अखेरच्या भागात. वाचकांनी जवळजवळ वीस वर्षे आधी ते शोधून ठेवले होते.

चांगल्या तर्काचा हा नमुना म्हणता येईल. यातला प्रत्येक दुवा ग्रंथात आहे, बाहेरून काही आणलेले नाही. त्या उत्तराने नेडचे मौन, त्याच्या पत्नीचा जॉनवरचा राग आणि नेडचे ते सोसणे या सगळ्यांचा अर्थ बदलतो. पुस्तक पुन्हा वाचले तर ते निराळे वाटते.

अझोर अहाय : प्रत्येकाचा वेगळा

सगळेच तर्क असे नव्हते. या कथेच्या आत एक पुराणकथा आहे. अझोर अहाय नावाच्या वीराने फार पूर्वी अंधाराशी लढण्यासाठी तलवार घडवली. तीस दिवस-रात्री खपून त्याने ती पाण्यात विझवली, पण तिचे तुकडे झाले. दुसऱ्या खेपेला पन्नास दिवस घालवले आणि तापलेले पाते सिंहाच्या छातीत खुपसले, तरी ती तुटली. तिसऱ्या खेपेला शंभर दिवस लागले. काय करावे लागणार हे त्याला उमगले होते. त्याने पत्नी निसा निसा हिला बोलावले आणि पाते तिच्या हृदयात खुपसले. तिचे सत्त्व तलवारीत उतरले आणि ती पेटती तलवार जगाला तारणारी ठरली. हा वीर पुन्हा जन्म घेईल, धूर आणि मीठ यांच्यामध्ये जन्मेल आणि त्या वेळी आकाशातला तारा रक्ताळलेला असेल, अशी भविष्यवाणी आहे.

मग हा नवा अझोर अहाय कोण? लाल वस्त्रातली पुजारीण मेलिसांड्रे म्हणते, स्टॅनिस. तो धुमसत्या डोंगराच्या बेटावर राहतो आणि सभोवती खारा समुद्र आहे. काही वाचक म्हणाले, डेनेरिस. पतीच्या चितेच्या धुरात, अश्रूंच्या मिठात तिचे ड्रॅगन जन्मले आणि आकाशात तांबडा धूमकेतू होता. काही म्हणाले, जॉन. पाचव्या पुस्तकात त्याच्यावर वार होतात तेव्हा थंडीत जखमांतून वाफ निघते आणि मारणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असते. मेलिसांड्रे ज्वाळांमध्ये वीराला शोधते तेव्हा तिला फक्त 'स्नो' दिसतो, म्हणजे बर्फ की आडनाव, हे वाचकाने ठरवायचे. सोन्याच्या हाताचा जेमी, इमानी दाव्होस यांचेही वकील होते. थट्टेने स्वयंपाक्याच्या हाताखालच्या पोरालाही उभे करण्यात आले, कारण भटारखान्यात धूर आणि मीठ दोन्ही असतात.

ही थट्टाच खरी टीका होती. धूर, मीठ, तारा ही चिन्हे इतकी सैल आहेत, की ज्याला जो आवडतो त्याच्यावर ती बसतात. मार्टिन यांना हे ठाऊक असणार, कारण कथेत खुद्द मेलिसांड्रेच चुकते. तिच्यावर विश्वास ठेवून मालिकेतला स्टॅनिस पाचव्या पर्वात पोटच्या मुलीला, शिरीनला, जिवंत जाळायला देतो. निसा निसाची कथा खरी मानण्याची किंमत एका लहान मुलीला मोजावी लागते. भविष्यवाणीचा आपल्या सोयीचा अर्थ लावणारा माणूस काय करू शकतो, हे त्या भागात दिसते आणि ते पाहवत नाही.

शब्दाचा घोळ आणखी वेगळा. चौथ्या पुस्तकात वृद्ध पंडित एमॉन मरणाच्या दारात असताना म्हणतो, की भाषांतरात चूक झाली, आपण सगळे राजपुत्र शोधत बसलो, पण मूळ शब्दाला लिंगच नाही. मालिकेत सातव्या पर्वात दुभाषी मिसांडे हेच सांगते. एका शब्दाचे लिंग न तपासल्यामुळे हजार वर्षे पंडित चुकीच्या बाजूला पाहत राहिले, ही कल्पना भाषेच्या अभ्यासकाला गुदगुल्या करणारी आहे.

अखेर २८ एप्रिल २०१९ च्या भागात मृतांचा राजा नाइट किंग याला मारले ते जॉनची म्हणून वाढलेली धाकटी बहीण आर्या हिने. अझोर अहायचे नावही त्या प्रसंगी कोणी काढले नाही. लेखकद्वयाने नंतर सांगितले, की आर्याच हे करणार हे त्यांनी तीनएक वर्षे आधी ठरवले होते. आता गंमत पाहा. २०१३ मधल्या तिसऱ्या पर्वात मेलिसांड्रेने आर्याला सांगितले होते, की तू पुष्कळ डोळे मिटवशील, तपकिरी, निळे, हिरवे. आठव्या पर्वात तेच वाक्य पुन्हा येते, पण निळे डोळे आता शेवटी आले आहेत, कारण नाइट किंगचे डोळे निळे. जुन्या वाक्याचा क्रम बदलून त्याची भविष्यवाणी केली गेली. जुन्या ग्रंथांत मागाहून घातलेला मजकूर शोधणाऱ्याला ही खूण चांगली ओळखीची आहे.

शेवटचे पर्व पुन्हा करा, अशा मागणीवर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. ज्यांचे तर्क चुकले ते चिडले, असे त्यावर म्हटले गेले. ते पूर्ण खरे नाही. पुष्कळांची तक्रार अशी होती, की पेरलेली चिन्हे कोणी उचललीच नाहीत. मार्टिन यांचे उरलेले भाग हा लेख लिहीपर्यंत आलेले नाहीत. पुस्तकातला अझोर अहाय अजून मोकळाच आहे.

आपल्याकडचा जुना प्रश्न

जॉनच्या आईचा प्रश्न १९९७ चा. त्याच्या बरोबर तीस वर्षे आधी, १९६७ मध्ये, पुण्यात इरावती कर्वे यांचे 'युगान्त' प्रसिद्ध झाले. १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात ते असेल. त्यात इरावतीबाईंनी विचारलेला एक प्रश्न थेट याच जातीचा आहे: धर्मराज युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा तर नव्हे?

पुरावे पाहा. मांडव्य ऋषींना चोरीच्या खोट्या आरोपावरून सुळावर चढवले गेले, म्हणून त्यांनी यमधर्माला शूद्र स्त्रीच्या पोटी जन्म घेण्याचा शाप दिला. तो यमधर्म म्हणजे विदुर. कुंतीने पतीच्या सांगण्यावरून पहिल्यांदा आवाहन केले ते धर्माला. पतीला मूल होत नसेल तर दिराकडून नियोगाने पुत्र मिळवण्याची चाल त्या काळी होती, आणि पंडूचा धाकटा भाऊ एकच, विदुर. पुढे आश्रमवासिक पर्वात विदुर वनात हाडांचा सापळा होऊन फिरत असतो. युधिष्ठिर एकटाच त्याच्यामागे धावतो, स्वतःचे नाव सांगतो. विदुर झाडाला टेकून त्याच्याकडे एकटक पाहतो आणि योगबळाने त्याच्या देहात प्रवेश करतो. जो धर्म तोच विदुर आणि जो विदुर तोच पांडव, अशा अर्थाचे व्यास नंतर बोलतात. हे लपवायचे कारणही उघड आहे. विदुर दासीपुत्र. त्याचा मुलगा म्हटला तर सिंहासनावरचा हक्कच डळमळीत होतो.

नेडने ज्या कारणासाठी मौन धरले त्याच्याच जवळचे हे कारण आहे. दुवेही तसेच, ग्रंथातले. एक फरक मात्र मोठा आहे. जॉनच्या आईचे उत्तर मार्टिन यांच्या मनात होते आणि एक दिवस ते मिळणार होते. युधिष्ठिराच्या वडिलांचे उत्तर देणारा कोणी नाही. इरावतीबाईंनी निकाल दिला नाही, प्रश्न ठेवला. तरी एकदा हे वाचले, की वनातला तो प्रसंग पूर्वीसारखा वाचता येत नाही. म्हातारा बाप शेवटच्या क्षणी मुलाकडे टक लावून पाहतो आहे, असेच वाटत राहते.

त्या सुमारास मराठीत असे प्रश्न सारखे विचारले जात होते. दुर्गा भागवतांचे 'व्यासपर्व' १९६२ चे, शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' १९६७ चे. त्याहून कितीतरी जुन्या आपल्या आज्या-पणज्यांच्या जात्यावरच्या ओव्या. सीतेला वनात धाडणाऱ्या रामाला त्यांनी जाब विचारला आहे आणि तिच्या बाळंतपणात कोण होते याची काळजी वाहिली आहे. ग्रंथाने जिथे मौन धरले तिथे बायांनी आपले अनुभव ठेवले.

तर्क ग्रंथात शिरतो तेव्हा

वेस्टरॉसच्या चाहत्याचा तर्क कितीही सुंदर असला तरी तो मार्टिन यांच्या पुस्तकात छापला जात नाही. आपल्याकडे तसे नव्हते. सांगणाऱ्याचा तर्क, लिहिणाऱ्याची भर पुढच्या पोथीत उतरे आणि शंभर वर्षांनी ती व्यासांची होई. ही भर वेगळी काढण्याचे काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकरांनी त्याला शिस्त लावली. १,२५९ हस्तलिखिते वापरून १९ खंडांची संशोधित आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. रामायणासाठी हेच काम आपल्या बडोद्यात झाले. सयाजीराव महाराजांनी १९२७ मध्ये स्थापलेल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची संशोधित आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली. सयाजीगंज-मांडवीच्या वाटेने रोज येणाजाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक आहे, कोण जाणे.

या कामामुळे काय कळते? लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही. 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे द्रौपदीच्या तोंडचे वाक्य महाभारताच्या संशोधित आवृत्तीतल्या सभापर्वात नाही. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा हसतात ते भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि सेवक. द्रौपदीही स्त्रियांसह हसली, असे दुर्योधन नंतर बापाला सांगतो, एवढेच. पण १९८८ ते १९९० मध्ये रविवारी सकाळी बी. आर. चोप्रांच्या मालिकेत ते वाक्य घरोघरी ऐकले गेले आणि तेव्हापासून 'बाईच्या जिभेने महाभारत घडले' असे सांगणाऱ्यांना पुरावा मिळाला. रेषा ओलांडली म्हणून सीता दोषी, बोलली म्हणून द्रौपदी दोषी. कोणाच्या तरी कल्पनेतून आलेल्या भरीने खऱ्या आयुष्यातल्या लेकीसुनांना टोमणे मिळाले. वेस्टरॉसचा तर्क चुकला तर फार तर मित्रांत हसू होते. इथे चुकलेला तर्क शहाणपण म्हणून पिढ्यान्पिढ्या घरात राहतो.

म्हणून भर घालणे बंद करा, असे मात्र कोणी म्हणू नये. आज ज्याची पूजा आपण मांडली आहे त्या गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथाही संशोधित आवृत्तीत मूळ पाठात नाही, ती परिशिष्टात आहे. लेखणी थांबू देणार नाही, अशी गणपतीची अट होती. अर्थ कळल्याशिवाय अक्षर लिहायचे नाही, अशी व्यासांनी उलट अट घातली. मग व्यास मध्येच अवघड, कूट श्लोक घालत आणि गणपती विचार करत थांबला, की पुढची रचना करून घेत. काही श्लोक इतके अवघड का, असा प्रश्न कोणा श्रोत्याला पडला असेल आणि त्याचे उत्तर म्हणून ही कथा आली असेल, असे मला वाटते. हाही एक तर्कच. ती नंतरची असल्याने तिची गोडी कमी होत नाही. सुखटणकरांनीही ती फेकून दिली नाही. वेगळी काढून छापली, म्हणजे मूळ काय आणि भर काय हे वाचकाला दिसावे.

आपल्या घरातल्या मुलांना हे शिस्तशीर वाचन आधीच येते. तीन पहारेकरी मनोऱ्यावर का होते, हे ज्याने विचारले त्याला विदुराचा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. आपण त्यांना महाभारत देतो ते बहुधा तात्पर्यासकट, बांधून. प्रश्न मोकळा ठेवून दिला तर ती वाचतील. महाराष्ट्राबाहेर चार-पाच पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्या घरांत मराठी पुस्तक मुलांच्या हाती जाण्याचे निमित्त दरवर्षी कमी होत चालले आहे. असे एक निमित्त समोर असताना ते सोडू नये.

कार्यकारिणीला एक विनंती करून थांबतो. दहा दिवसांच्या कार्यक्रमांत वेशभूषा, अंताक्षरी, पाककृती स्पर्धा असतातच. पुढच्या वर्षी एक संध्याकाळ तरुण मंडळींना द्यावी. विषय: युधिष्ठिराचे वडील कोण? एका बाजूने विदुराचा पक्ष मांडावा, दुसऱ्या बाजूने तो खोडावा. नियम दोनच ठेवावेत. पुरावा ग्रंथातून द्यायचा, आणि तो कोणत्या पर्वातला आहे हे सांगायचे. परीक्षक म्हणून घरोघरच्या आजी-आजोबांना बसवावे. 'युगान्त'च्या दोन-तीन प्रती मंडळाच्या ग्रंथालयात गणपतीच्या महिनाभर आधी काढून ठेवाव्यात.